कापलेल्या टेकडीवरचा बहर

जपानी मुद्राचित्रांतली चेरीची फुलं चेरीच्याच लाकडावर कोरलेली असतात. एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, कारागिरांनी ठशांसाठी यामाझाकुरा ही डोंगरी चेरी पसंत केली होती. तिचं लाकूड घट्ट, पोत बारीक. केसाएवढी रेघ कोरली तरी शेकडो छाप निघेपर्यंत ती तुटत नाही. ज्या झाडाचा बहर पाहायला शहर लोटतं, तेच झाड फळी होऊन तो बहर कागदावर आणतं. ही चित्रं मी कित्येक वर्षं पाहते आहे, आणि अजूनही प्रत्येक वेळी फुलांच्या आधी मला ती फळी आठवते.

चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईनं रेघांचं चित्र काढायचा. तो कागद पालथा करून फळीवर चिकटवायचे आणि कोरणारा कागदासकट लाकूड कोरत जायचा. हाताचं मूळ चित्र त्यात संपून जायचं. म्हणून या चित्रांची ‘मूळ प्रत’ म्हणून जपून ठेवावं असं काही उरतच नाही. असतात ते फक्त छाप. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरायचा. सगळे ठसे एकाच जागी बसावेत म्हणून फळीच्या कडेला दोन खुणा कोरलेल्या असत, एक कोपऱ्याची आणि एक सरळ. कागद त्यांना टेकवून ठेवायचा. छापणारा तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला ओलसर कागद रंग लावलेल्या ठशावर पसरायचा आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीनं, बारेननं, पाठीमागून घासायचा. छापखान्यातलं यंत्र नाही, दाब फक्त खांद्याचा आणि तळव्याचा. आकाशात वरच्या कडेला गडद असलेला रंग खाली येता येता विरत जातो, त्याला बोकाशी म्हणतात. तो उतार लाकडात कोरलेला नसतो. छापणारा ठसा ओला करतो, रंग ब्रशनं एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी लावतो, आणि हे प्रत्येक कागदासाठी नव्यानं करतो. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत संध्याकाळ वेगवेगळी पडलेली दिसते.

बहुतेक चित्रांवर चित्रकाराचं आणि प्रकाशकाचं नाव असतं. कोरणारा आणि छापणारा निनावी राहतात. हे मला फार लागतं. एका संग्रहालयाच्या अभ्यासखोलीत अठराव्या शतकातलं एक चित्र टेबलावर ठेवलं होतं. समोरून पाहिलं तर फुलांच्या जागी कोरा कागद. तिथल्या बाईंनी कागद अलगद तिरका धरला, प्रकाश कडेनं पडला, आणि पाकळ्या उठून आल्या. रंग न लावता कोरड्या ठशावर कागद दाबून काढलेला तो उठाव होता. पांढरं फूल पांढऱ्या कागदावर फक्त दाबानं उमटवणाऱ्या त्या माणसाचं नाव कुठेच नाही. चित्रकारानं त्या जागी फार तर एक रेघ दिली असेल.

रंगांची गोष्ट तर आमच्या घरापर्यंत येते. या चित्रांतला जुना गुलाबी आणि लाल, ज्याला जपानीत बेनी म्हणतात, तो करडईच्या पाकळ्यांचा. आमची शेती सोलापूरकडची. ज्वारीच्या पट्ट्यांभोवती करडई पेरायची, म्हणजे तिच्या काट्यांमुळे जनावरं आत शिरत नाहीत. कोवळ्या पानांची भाजी व्हायची, बियांचं तेल निघायचं. माघात ती पिवळी फुलायची आणि सुकता सुकता तांबूस व्हायची. त्या तांबूसपणाकडे कुणी वळून पाहायचं नाही. उत्तर जपानात मोगामी नदीच्या खोऱ्यात त्याच झाडाची फुलं बायका भल्या पहाटे खुडायच्या, कारण दवानं काटे मऊ पडलेले असतात. पाकळ्या पाण्यात धुतल्या की पिवळा रंग निघून जातो, लाल मागे राहतो. पाकळ्या मळून, आंबवून त्यांच्या चकत्या थापायच्या आणि होडीनं क्योतोकडे पाठवायच्या. राखेच्या पाण्यात लाल रंग सुटतो आणि आंबट घातलं की तो स्थिर होतो. ते आंबट पाणी धुरावलेल्या उमे फळांचं, म्हणजे तिथल्या जर्दाळूच्या जातीच्या प्लमचं असे. काटे सोसून एकाच झाडातून आपण तेल घेतलं आणि त्यांनी लाल.

निळ्याची तीच तऱ्हा. अठराव्या शतकातल्या चित्रांत जो नाजूक निळा दिसतो, त्यातला बराचसा त्सुयुकुसा नावाच्या रानफुलाचा. आपल्या शेतात तण म्हणून उपटला जातो त्या केन्याच्या कुळातलंच हे रोप. पाकळ्यांचा रस कागदाला पाजून तो वाळवून ठेवायचे आणि लागेल तेव्हा कागदाचा तुकडा पाण्यात भिजवून निळा रंग सोडवायचे. पिवळ्यासाठी हळदही वापरात होती. म्हणजे फुलाच्या झाडावर कोरलेलं फूल, फुलाच्या रसानं रंगवलेलं. आणि म्हणून फुलासारखंच सुकणारं: त्सुयुकुसाचा निळा पाण्याच्या थेंबानं आणि उजेडानं उडतो, बेनी विटतो. १८३० च्या सुमारास युरोपातून आलेला प्रशियन निळा स्वस्त झाला आणि एदोच्या चित्रांतलं आकाश, पाणी पक्कं झालं. होकुसाई आणि हिरोशिगे या चित्रकारांची निळाई ती हीच. पण त्यांच्याही चित्रांना फार उजेड सोसत नाही. ब्रुकलिन म्युझियमकडे हिरोशिगेच्या ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं’ या मालिकेचा संपूर्ण संच आहे. तो २०२४ मध्ये मांडला, तेव्हा त्याआधी चोवीसहून अधिक वर्षं तो एकत्र लोकांसमोर आलेला नव्हता.

जपानी चेरी म्हटलं की आपल्याकडे लगेच क्षणभंगुरतेचं बोलणं सुरू होतं. ते खोटं नाही. पण मला ते पुरत नाही. ही चित्रं मठात बसून जीवनाची नश्वरता चिंतणाऱ्यांसाठी छापलेली नव्हती. ती दुकानात टांगून विकली जात, साधारण एक वाटी सोबा शेवयांच्या किमतीला. घेणारे होते सुतार, हमाल, दुकानदार, नाटकवेडे, गावाकडे परतताना एदोची आठवण नेणारे प्रवासी. आणि चित्रातली फुलं त्यांना खरोखरच पाहायला मिळणारी होती, उद्या, परवा, शिदोरी बांधून.

ती मिळावीत यासाठी कुणीतरी काम केलेलं होतं. एदोत उएनोच्या कानएइ-जी मंदिराच्या आवारात चेरी होत्या, पण तिथे शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या, समाधी. गाणं-बजावणं, पिणं यांना मनाई. आठवा शोगुन योशिमुने यानं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आसुकायामाच्या टेकडीवर हजाराहून अधिक चेरी लावल्या आणि पुढे ती टेकडी सामान्य लोकांना खुली केली. राज्यकर्त्यानं मजेसाठी लावलेली झाडं, आणि मजा प्रजेची. मुकोजिमाची शंभर फुलांची बाग तर एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं उभी केली: १८०४ च्या सुमारास साहारा किकूनं जागा घेतली आणि त्याच्या कवी-चित्रकार मित्रांनी उमेची झाडं आणून दिली. १९४५ च्या बॉम्बवर्षावात होरपळूनही ती बाग आज तोक्योत आहे. दहा लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या शहरात फूल ही सार्वजनिक गोष्ट होती. त्याला टेकडी लागते, रस्ता लागतो, पाणी घालणारा माळी लागतो, चहाचं दुकान लागतं आणि सुट्टीचा एक दिवस लागतो. मुद्राचित्रात हे सगळं येतं.

म्हणूनच मला होकुसाईच्या फुलांपेक्षा हिरोशिगेची फुलं जवळची वाटतात. होकुसाईनं १८३३-३४ च्या सुमारास मोठ्या फुलांची दहा चित्रं केली. त्यांतली वाऱ्यानं एका बाजूला लवलेली खसखशीची फुलं पाहताना कागद थरथरतो आहे असं वाटतं, आणि मॉर्निंग ग्लोरीच्या हिरव्या पानांत बसलेला हिरवा बेडूक सापडायला वेळ लागतो. त्या दहांवर मी अख्खा लेख लिहीन. पण त्या फुलांच्या मागे जागा नाही; ती कुठेही फुललेली असू शकतात. हिरोशिगेचं फूल कुणाच्या तरी अंगणात, कुठल्या तरी पुलाजवळ, ठरलेल्या गावात फुलतं.

उतागावा हिरोशिगे १७९७ साली एदोत जन्मला. वडील शोगुनांच्या किल्ल्यावरच्या अग्निशमन दलात अधिकारी. आईवडील एकाच वर्षी गेले आणि बारा-तेराव्या वर्षी ते पद पोराकडे आलं. आगींचं ते शहर त्याला आगीच्या बाजूनं माहीत होतं. १८५५ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगींत एदो मोडलं. काही महिन्यांतच, १८५६ मध्ये, साठीला आलेल्या हिरोशिगेनं ‘शंभर दृश्यं’ काढायला घेतली. प्रकाशक उओया एइकिची. शंभर म्हणता म्हणता आकडा पुढे गेला. १८५८ मध्ये हिरोशिगे गेला, त्या वर्षी एदोत कॉलऱ्याची साथ होती. नंतर प्रकाशकानं चित्रं ऋतूंनुसार लावून ११८ दृश्यांची यादी छापली. त्यांत वसंताची सर्वाधिक, ४२. ढिगाऱ्यातून उठणाऱ्या शहराचं चित्र काढताना म्हाताऱ्या चित्रकारानं सगळ्यात जास्त कागद वसंतावर खर्च केला, हे मी पुन्हा पुन्हा मनात घोळवते.

मालिकेतलं सगळ्यात गाजलेलं झाड कामेइदोच्या उमेबागेतलं. त्या झाडाचं नाव ‘निजलेला ड्रॅगन’, कारण फांद्या जमिनीला टेकून मुळं धरायच्या आणि पुन्हा वर उठायच्या. हिरोशिगेनं झाडापासून हातभर अंतरावर उभं राहिल्यासारखं चित्र काढलं आहे. काळपट खोड कागद आडवा व्यापतं, दोन्ही कडांनी कापलं जातं. झाड पूर्ण दिसतच नाही. पांढरी फुलं मोजकी. वर तांबूस आकाश, खाली हिरवी जमीन. आणि फांद्यांच्या फटींतून लांबवर, कुंपणापलीकडे, बोटाच्या पेराएवढी माणसं उमे पाहत उभी आहेत. चित्रावरच्या शिक्क्यात महिना आहे: १८५७ चा अकरावा. जपानच्या जुन्या पंचांगानं उमे फुलायला अजून अवकाश होता. म्हणजे चित्र फुलांच्या आधी बाजारात आलं, येणाऱ्या बहराची वर्दी द्यायला.

तीस वर्षांनी, १८८७ मध्ये, पॅरिसमध्ये व्हॅन गॉगनं हे चित्र चौकटी आखून गिरवलं आणि तैलरंगात केलं. दोन्ही कडांना नारिंगी पट्टे जोडून त्यांत दुसरीकडून उतरवलेली जपानी अक्षरं भरली. त्याचं झाड आतून पेटल्यासारखं आहे. त्याची ओढ खरी आहे आणि ती मला हलवते. तरी मला हिरोशिगेचंच चित्र मोठं वाटतं. व्हॅन गॉगला झाड भेटलं. हिरोशिगेला झाड आणि कुंपणापलीकडची माणसं दोन्ही भेटली, आणि त्यानं ती माणसं झाडाच्या अंगाखांद्यातूनच दाखवली.

होरिकिरीच्या आयरिसचं चित्रही तसंच रचलेलं. निळी, जांभळी, पांढरी तीन-चार फुलं आपल्या डोळ्यांच्या पातळीवर, आपणच वाफ्यात उकिडवे बसलो आहोत अशी. मागे पाणी आणि काठावर फिरणारे लोक. त्यावरचा महिना आहे १८५७ चा अधिक पाचवा. जपानचं जुनं पंचांगही चांद्र-सौर होतं, तिथेही दर काही वर्षांनी अधिक महिना यायचा. अधिक महिना धोंड्याचा, जावयाचा असतो हे आपल्याला ठाऊक. एदोतल्या लोकांना त्या वर्षी तो आयरिसच्या दिवसांत मिळाला.

आता गोतेन्यामा. शिनागावाजवळ, एदोच्या खाडीकडे पाहणारी ही टेकडी चेरीसाठी प्रसिद्ध होती: खाली समुद्र, शिडं, वर फुलं. हिरोशिगेनं ती तरुणपणापासून अनेकदा काढली होती. त्या आधीच्या चित्रांत झाडांखाली मांडलेल्या बैठका आहेत, नटलेल्या बायका आहेत, टेकडी गोल आणि भरलेली आहे. १८५३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेचा कमोडोर पेरी काळी जहाजं घेऊन खाडीच्या तोंडाशी आला. घाबरलेल्या सरकारनं समुद्रात भराव घालून तोफांचे बुरूज उभारायला घेतले. भरावाला माती हवी होती. ती गोतेन्यामा कापून नेली. बुरुजांचं काम ठरवल्याएवढं कधी झालं नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेशी तह झाला आणि लढाईत त्या तोफा डागण्याची वेळच आली नाही.

१८५६ च्या चौथ्या महिन्याचा शिक्का असलेलं चित्र या कापलेल्या टेकडीचं आहे. कागदाच्या मध्यभागी उभा तुटलेला कडा, उघडी पडलेली तपकिरी माती. पायथ्याशी पाणी. आणि वर, जिथपर्यंत कुदळ पोचली नाही तिथे, उरलेल्या चेरी फुललेल्या आहेत. त्यांच्याखाली माणसं आली आहेत. दरवर्षी यायची तशीच.

सरकारच्या धोरणावर उघड बोलायची मुभा नव्हती; प्रत्येक चित्र तपासणी होऊन शिक्का लागल्यावरच विकलं जाई. हिरोशिगेनं निषेध केला असं मी म्हणणार नाही, त्याच्या मनात काय होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण त्याच्यापुढे सोपे रस्ते दोन होते. जुनी अखंड टेकडी आठवणीतून काढता आली असती. गिऱ्हाइकांना तीच हवी असणार. किंवा गोतेन्यामा सरळ वगळता आली असती. त्यानं ती कापलेलीच काढली, आणि ‘प्रसिद्ध दृश्यां’त तिला जागा दिली. ज्या शहराला फुलांचं वेड आहे त्यानं आपल्या फुलांच्या टेकडीचं काय केलं हे त्या मालिकेत नोंदलेलं राहिलं. आणि एवढं होऊनही लोक उरलेल्या झाडांखाली येतात, हेही नोंदलेलं राहिलं. फुलं पाहायला जाणं किती चिवट असतं ते मला या एका चित्रानं सांगितलं. पाकळ्या गळण्याबद्दल हजार कवींनी लिहिलं आहे. पायाखालची टेकडी जाण्याबद्दल चेरीच्या चित्रात बोलणारा हिरोशिगे मला एकटाच माहीत आहे.

कामेइदोची बाग १९१० च्या पुरात गेली, निजलेला ड्रॅगनही त्यात मेला. होरिकिरीत मात्र जूनमध्ये अजून आयरिस फुलतात. आज जपानभर जी फिकी गुलाबी चेरी फुलते ती सोमेइ-योशिनो, कलमांनी वाढवलेली एकाच झाडाची संतती. हिरोशिगेच्या काळातली विविध चेरी तिच्यापुढे मागे पडली आहे. मुद्राचित्रं विसाव्या शतकातही निघत राहिली. चित्रकार कावासे हासुईच्या प्रकाशकाचं दुकान आणि ठसे १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाले, हासुईच्या रेखाटनवह्याही गेल्या. त्यानं पुन्हा प्रवास करून पुन्हा रेखाटनं केली. चेरीच्या चित्रांसाठी ओळखला जाणारा योशिदा हिरोशी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात येऊन गेला आणि त्यानं वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांची मुद्राचित्रं केली. आपल्या कातळाचा रंग बोकाशीत उतरलेला पाहायचा असेल तर ती जरूर शोधावीत.

तोक्योत आजही काही कारागीर जुनी चित्रं यामाझाकुराच्या फळीवर पुन्हा कोरून हातानं छापतात. अशी एक प्रत घरात लावता येते. आणि ते जमणार नसेल तर अनेक संग्रहालयांनी मूळ छाप मोठ्या आकारात इंटरनेटवर मोफत खुले केले आहेत. तिथे ‘शंभर दृश्यं’ उघडा आणि कामेइदोच्या आधी गोतेन्यामा पाहा. पडद्यावर चित्र मोठं करा. आधी कापलेली माती पाहा, मग झाडं, मग झाडांखालची माणसं. हिरोशिगेनं कागदावर जागा त्याच क्रमानं वाटली आहे.